सुगरणीचा उलटा खोपा

लेखकाने पक्षी चुकीच्या झाडावर बसवला, तर आमचे मास्तर छपाईचे खिळे जुळवायचे थांबत. आमच्या विद्यापीठाच्या छापखान्यात विदर्भाच्या इतिहासाची, रानावनाची पुस्तकं निघत. मास्तर चौथी शिकलेले, पण प्राध्यापकांशीही वाद घालत. "राजाचे हत्ती या नाल्यात डुंबत म्हणता, सर? इथं माही म्हैस बसत नाही!" सरांनी ते वाक्य गाळलं.

मी सीताबर्डीच्या बाजारपेठेत वाढलेला, तिथे हंगामी मुद्रितशोधक होतो. चिमणी-कावळ्यापलीकडे पक्षी ओळखता येत नसत. "तुले तर फक्त दुकानाच्या पाट्या समजतात," मास्तर चिडवत.

पक्ष्यांचं पुस्तक छपाईला आलं, ते त्यांचं निवृत्तीपूर्वीचं शेवटचं काम. जुळणीकार म्हणून त्यात तुमचं नाव छापू, असं संचालकांनी कबूल केलं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं जुळवलेला हा माणूस त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजत हिंडला.

भाचीच्या लग्नासाठी ते गावी उमरेडला गेले आणि शेवटचं प्रूफ माझ्याकडे आलं. सुगरणीच्या खोप्याचं तोंड खाली दिसलं. पिल्लं पडतील की! मी लाल शाईने 'चित्र उलटं आहे, फिरवा' असं लिहून सही केली. यंत्रावरच्या माणसाने ते इमानाने फिरवलं आणि त्या पानाच्या सगळ्या प्रती छापल्या.

मास्तर परतले त्याच दिवशी लेखक संतापून आले: सुगरणीच्या खोप्याचं तोंड खालीच असतं! "कोणी केलं हे?" संचालकांनी विचारलं. त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. मी जमिनीकडे पाहत राहिलो. मास्तरांनी माझ्या सहीचं प्रूफ घडी करून खिशात घातलं. "चित्राचा ब्लॉक मीच बसवला, साहेब."

नावाचं पान छापायचं राहिलं होतं. त्यातून त्यांचं नाव गेलं.

मग आम्ही दोघं प्रत्येक प्रतीत खळीने नवं चित्र चिकटवत बसलो.

"मी साहेबांना सांगून येतो," मी म्हणालो.

"काहून? तुह्या लग्नाची बोलणी चालू आहेत, पोरीचा बाप तुही नोकरी पाहून राहिला ना?" मग उलट्या खोप्याकडे बघून ते खो खो हसले. "बाप्पा! माठच करून टाकला गा! सुगरण पाणी भराले गेली असन."

मीही हसलो. उठलो मात्र नाही.

पुढे मीच छापखान्याचा व्यवस्थापक झालो. दुसऱ्या आवृत्तीत मास्तरांचं नाव घातलं आणि प्रत घेऊन उमरेडला गेलो. "वाच वं, कोनाचं नाव आहे?" त्यांनी स्वतः वाचून झाल्यावरही नातीकडून तीनदा वाचून घेतलं. मला वाटलं, फिटलं.

मास्तर आता नाहीत. परवा जुने संचालक भेटले. "चांगला माणूस," ते म्हणाले, "पण शेवटी नजर गेली होती त्याची."

मी मान डोलावली. घरी आलो आणि हे लिहायला बसलो. मास्तरांची नजर शाबूत होती. खोपा त्यांनी बरोबरच बसवला होता, उलटा मी केला.