जॉनचा पाव

नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या गावात लुपेची बेकरी आहे. मेक्सिकोहून आलेली ही बाई आधी अकरा वर्षं इथल्या कारखान्यात कोंबड्या सोलत उभी असायची. तिथला मुकादम वॉल्टर सगळ्याच बायकांना सरसकट ‘मारिया’ म्हणे. एवढी नावं कोण लक्षात ठेवणार, म्हणे.

शनिवारी रांगेत माझ्यापुढे तोच वॉल्टर होता, निवृत्त झालेला, काठी टेकत आलेला. लुपेने गोड पावांची पिशवी उचलली आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी हाक मारली, “जॉन!”

“वॉल्टर,” तो पुटपुटला.

“हो हो, जॉन,” ती गोड हसून म्हणाली. मागच्या बायका खुदकन हसल्या. त्याने खालमानेने पिशवी घेतली. मला त्याची दया यायला हवी होती. ती काही आली नाही, उलट जीव कसा थंडगार झाला. नाव चुकलं तर माणूस विसरतो. पण आपलं नाव विचारावंसंही कुणाला वाटलं नाही, हे कसं विसरायचं? ऑफिसात मी वीस वर्षं ‘सू’ आहे. आपल्याकडे लहान पोरांना सू लागते, हे त्यांना कुणी सांगावं?

“सुलोचना!” लुपेने मला हाक मारली. चारही अक्षरं, एकही न गाळता.

सोमवारी आमचे साहेब ख्रिस्तोफर नेहमीसारखे म्हणाले, “गुड मॉर्निंग, सू.”

मी गोड हसले. “गुड मॉर्निंग, किसन.”