काकूंनी धुतलेली गोधडी

सोनाळ्याला मी आलो तो शाळेच्या भिंती रंगवायला. आठवीतून शाळा सुटली आणि मालवणात एका पेंटरच्या हाताखाली दुकानांचे बोर्ड लिहू लागलो. पुढे फ्लेक्स आले, बोर्ड गेले. मग ठेकेदार नेईल त्या गावी शाळेच्या भिंतीवर मुळाक्षरं नि पाढे काढत फिरलो. सोनाळ्याचं काम संपल्यावर ठेकेदार पुढं गेला, मी मात्र तापानं फणफणून इथंच पडलो. ज्यांची खोली भाड्यानं घेतली होती त्या काकूंनी मला मुगाच्या डाळीचं पाणी पाजून उठवलं. ना नात्याचा, ना जातीचा, कोण कुठला कोकणातला! ते उपकार अजून अंगावर आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामुळेच मी काकूंपुढं मोकळं बोलू शकत नाही.

काकू आणि त्यांची सून दुपारी अंगणात गोधडी शिवत बसायच्या. मला रिकामं बसवेना, म्हणून एक दिवस सुई मागून घेतली. शेजारणींना विषयच मिळाला.

"पाहा वो माय, कोकण्या दोरा ओवून राह्यला! काऊन रे, सासरी कवा जातं?"

शिकलो हळूहळू. आणि टाके घातलेल्या कापडावर एकदा सहज कुंचला फिरवला, तर रंग टाक्यांच्या खळीत साचला नि उंचवट्यावर फिका पडला. बोर्डाच्या पत्र्यावर असं कधीच होत नाही. त्यानंतर मला चैन पडेना. गेरू, हळद, काजळी, कपड्यांची नीळ, सगळं बाभळीच्या डिंकात कालवून जुन्या लुगड्यांच्या गोधडीवर चढवायला लागलो. झाड नाही, पाखरू नाही, नुसते रंग आणि टाके.

सुनेनं विचारलं, "हे काय होय, भाऊ?"

"मलाही नाही माहीत, वहिनी."

"मंग ते झालं, हे कसं समजते तुमाले?"

मी आणखी एका कोपऱ्यावर नीळ चढवली.

शाळेच्या भिंती बघायला नागपूरहून एक बाई आल्या होत्या, त्यांचं चित्रदालन आहे. त्यांनी ती गोधडी पाहिली, हात लावू का म्हणून विचारलं, आणि दसऱ्यानंतरच्या प्रदर्शनासाठी निवडली. घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी न्यायला गाडी येणार होती. काकू तेव्हा शेतात होत्या, आणि मी त्यांना यातलं काही बोललो नव्हतो. माझ्या हातचं काही चार लोकांच्या शेजारी टांगलं जाणार, हे पहिल्यांदाच. शिवाय आईला शब्द दिला होता की दिवाळीपर्यंत यातून काही झालं नाही, तर कायमचा परत येईन आणि भावाच्या रंगांच्या दुकानात बसेन.

घट बसायच्या आदल्या दिवशी मी गोधडी टांगायला लाकडी पट्टी आणावी म्हणून संग्रामपूरला गेलो. परत आलो तर अंगणात तारेवर घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं वाळत होती आणि त्यांच्या ओळीत माझी. खाली मातीत पिवळट-तांबडं पाणी ठिबकत होतं.

काकू पदरानं हात पुसत आल्या. चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान.

"तुही पन धुतली रे बाबू! उद्या घट बसते अन् घरात मयकट गोदडी ठेवतं का? लय मय होता. तीन पाण्यानं धुतली तवा कुठी निघाला."

माझ्या तोंडून काय निघावं? "बरं केलंत, काकू."

खोलीत गेलो, बसलो, उठलो. पट्टी कोपऱ्यात ठेवली, पुन्हा उचलली. सून दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळं ओळखलं होतं.

"सांगत काऊन नाही त्यायले?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती तडक गेली आणि तिनंच सांगितलं.

काकू आल्या त्या चिडूनच. "मंग आंधी सांगाले काय झालं होतं? चित्र भितीवर असते, बापा! गोदडीवर चित्र असते हे आमाले कोन सांगन?" एवढं बोलून त्या उंबऱ्यावरच बसल्या. कोपऱ्यातल्या पट्टीकडे बघत म्हणाल्या, "दुसरी कवा होईन?"

"महिना तरी."

मी नागपूरला फोन केला, खरं ते सांगितलं. बाईंनी फोटो मागवला. मग त्यांचाच फोन आला. आवाज मऊ होता. "मी निवडली ती ही नाही हो. वाईट वाटतं, पण ही नाही घेता येणार. नवीन झाली की जरूर कळवा."

आता आईला कळवणं भाग होतं; तिला दिलेला शब्द मी काकूंना सांगितला. फोन लावला, आईनं उचलला. काकूंनी फोन हातातून ओढून घेतला.

"मी इथली घरमालकीन बोलतो, बाई. तुमच्या पोराचं काम म्या धुऊन टाकलं. चूक माही हाय. नवीन होयेपर्यंत त्याले वापस बलावू नका."

आईला त्यातलं किती कळलं देव जाणे. तिचा घाबरलेला आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "काय झाला? झील बरो आसा मां? जेवता मां तो?"

"काय म्हन्ते रे?"

"पोरगा बरा आहे ना, जेवतो का, विचारते."

"जेवते, बाई! फकस्त तिसऱ्या भाकरीले नाही म्हन्ते."

पलीकडे आई हसली. फोन मी घेतला तशी म्हणाली, "होळयेक ये मगे. पन ये हां."

म्हणजे होळीपर्यंत. सवलत मिळाली, पण जीव काही थाऱ्यावर आला नाही. या घरात घट असेपर्यंत सुई-कात्री चालत नाही. हात रिकामे राहिले की मला भलतेसलते विचार येतात. म्हणून कुठला रंग धुण्यात टिकतो ते बघायला चिंध्या घेऊन बसलो. एकीवर डिंकातला रंग, दुसरीवर सुताराच्या सरसातला, तिसरीवर दुकानातला पाण्यात न विरघळणारा.

सकाळी काकू त्या मागून नेतात, दगडावर आपटतात, घासतात, दातओठ खाऊन पिळतात. मी नळापाशी उभा असतो. त्या चिंधी उन्हाकडे धरून बघतात आणि म्हणतात, "हा पन निघाला."

मी पुढची चिंधी देतो.