नमस्काराखालची जागा

अमरावतीच्या बाजारातला तो कागदविक्या बोलताना अंगठ्याने ताव चाचपायचा; गिऱ्हाइकाकडे पाहायचाच नाही. कौंडण्यपूरच्या जत्रेत नवं आख्यान गाईन, असं मी गावभर सांगून बसलो होतो. जत्रा आठ दिवसांवर आली, तेव्हा त्याच्याकडून नेलेले पाच ताव त्याच्यापुढे आपटून मी ओरडलो, "यावर शाई फुटते! दुसरे दे."

पाचही तावांच्या माथ्याला 'श्रीगणेशाय नमः' होतं. खाली काहीच नव्हतं.

"शाई फुटाले आंदी लिवा लागते, बुवा!" तो भडकला. "देवाले बलावता अन् उंबरठ्यावरच उभं ठेवता? सारा कापूस इलायतेत चालला, कागदाले चिंध्या भेटून नाई राहिल्या. हे कागुद कोनाचं तरी धोतर होतं! नवा ताव देनार नाई."

हा माणूस किती उद्धट, हे लोकांना दाखवायला मी संतापाने त्याचा शब्दन् शब्द लिहून काढला, त्याच तावांवर, नमस्काराखाली. लिहिता लिहिता त्याचं बोलणं ओवीच्या छंदात बसलं. मग ते आख्यानातल्या राक्षसाच्या तोंडी घातलं आणि पुढचं सुचत गेलं.

जत्रेत कागदविक्या पुढेच बसला होता. माझ्या तोंडून राक्षस गरजला, तसा तो धोतराचा सोगा चाचपत शेजाऱ्याला म्हणाला, "बुवाच्या आख्यानात राक्षसच तेवढा शहाना हाय."