करून रायलो

आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके शिकवलेल्या माणसाने उतारवयात स्वतःविषयी लिहायला बसू नये, असे मला आजवर वाटत आले, आताही वाटते. लिहिण्याचा सराव नाही आणि सांगण्याजोगे पराक्रमही नाहीत. तरी एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हे धाडस करतो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पुण्यास शिक्षण संपवून मी अमरावतीच्या सरकारी शाळेत दुय्यम मास्तर म्हणून आलो, तेव्हा दूरदेशीच्या कुठल्याशा लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला अतोनात मागणी आली होती. शाळेसमोरून दिवसभर कापसाच्या गाड्या जात आणि उडता कापूस मुलांच्या पाट्यांवर येऊन बसे. आगगाडीचा रस्ता येत होता, जमिनींच्या मोजण्या चालल्या होत्या. त्या कामांना भूमिती आणि बीजगणित जाणणारी माणसे हवी होती, आणि हे विषय आमच्याकडे फक्त वरच्या वर्गात शिकवीत. त्या वर्गात बहुतेक वकील-कारकुनांच्या घरची मुले असत. प्रवेशाची परीक्षा घेण्याचे काम हेडमास्तरांनी माझ्याकडे दिले होते.

त्या वर्षी एक विशीतला माळी परीक्षेस बसला. गावाबाहेर त्याच्या घरचा भाजीचा मळा होता. पहाटे वाफ्यांना पाणी देऊन मग शाळेत यायचे, असे करत त्याने खालचे सारे वर्ग पुरे केले होते. लग्न झालेला असल्याने बाकीची मुले त्याला ‘मामा’ म्हणून चिडवीत आणि तो सरळ ओ देई. वरच्या वर्गात बसणे एवढी एकच इच्छा त्याने मला कधीतरी, पायरीवर उभ्या उभ्या, बोलून दाखवली होती.

परीक्षेत मी एका वेड्यावाकड्या शेताचे क्षेत्रफळ काढावयास सांगितले. फिरत फिरत त्याच्यापाशी आलो आणि विचारले, “झाले का?”

“करून रायलो, मास्तर,” तो मान वर न करता म्हणाला.

माझ्या कानांना याचा एकच अर्थ लागला: करून झाले, आता नुसता बसून राहिलो आहे. मी पाटी उचलली. उत्तर निम्मेच होते. त्याने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मास्तरांच्या हातातली पाटी परत मागण्याची रीत नव्हती. मी त्याच्या नावावर काट मारली आणि पाटी पुसून टाकली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही.

वऱ्हाडात येऊन मला तीन महिने झाले होते. पण वर्गात मुले पुस्तकी भाषेतच उत्तरे देत, आणि बुजरेपणामुळे शाळेबाहेर मी कोणाशी चार वाक्येही बोललो नव्हतो. आठ दिवसांनी बाजारात एका म्हातारीकडे वांगी मागितली. थोड्या वेळाने, झाली का म्हणून विचारले. “तोलून रायली,” ती म्हणाली. मी पारड्यातली वांगी पिशवीत भरू लागलो, तशी तिने माझे मनगट धरले.

“घाई कावून करता, मास्तर? तोलून रायली ना मी. अजून अर्दी बी नाई झाली.”

शेजारची बाई हसून म्हणाली, पुण्याकडचे दिसतात, त्यांना थांबा म्हटले की निघा ऐकू येते. माझे हसू मात्र ओठांवरच राहिले. तो तरुण त्या दिवशी उदाहरण करत होता. करून झाले, असे तो म्हणालाच नव्हता.

हेडमास्तरांपुढे हे सांगायला मला दोन दिवस लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग चूक तुमची की त्यांच्या बोलीची?”

“माझी,” मी म्हणालो. “गाव त्यांचे आहे, शाळाही त्यांच्याच मुलांसाठी आहे.”

त्यांनी त्याच वेळी नियम बदलला: ज्याला इच्छा असेल त्याने महिनाभर वरच्या वर्गात बसावे, परीक्षा त्यानंतर. आणि त्या तरुणाला बोलवायला मीच जावे, असेही सांगितले.

मळ्यात तो फावड्याने पाणी वळवीत होता. मला पाहून ओशाळला. “मी मंद हाय, मास्तर,” तो म्हणाला. “तुमी पाटी उचलली तवाच मले समजलं.”

खरे सांगण्याची वेळ तीच होती. पण नियम बदलला आहे, तुम्ही वर्गात या, एवढेच मी म्हणालो. त्याने पाटाच्या पाण्यात हात धुतले आणि विचारले, “उद्यापासून येऊ का आजपासून?”

महिन्याने त्याने तसल्याच शेताचे त्रिकोण पाडून, सावकाश, अचूक उत्तर काढले. मी शेवटपर्यंत त्याच्या जवळ गेलो नाही.

आज तेच गृहस्थ अकोल्याच्या एका शाळेत भूमिती शिकवतात. पोराने स्वतः आणून दिल्याखेरीज ते कोणाची पाटी घेत नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला वर्गात नेले आणि मुलांना सांगितले की आपण मंद होतो, पहिल्या खेपेस नापास झालो, पण हे मास्तर मळ्यात येऊन आपल्याला घेऊन गेले. मागच्या बाकावरचा एक कुणब्याचा मुलगा तेवढ्यात सरसावून बसला. दर वर्षी ते ही गोष्ट सांगतात, आणि ती ऐकून मागे पडलेली मुले नेटाने टिकतात, असे तेथील मास्तर म्हणाले. मी त्याही दिवशी गप्पच राहिलो.

ते कधीच मंद नव्हते. हे त्यांना आता सांगावे का?