माझ्या जबड्याचं कारण

"तोंड उघड रे. मोठं. मागच्या पोरांना दिसू दे."

साहेब माइकवरून बोलत होते. साहेब म्हणजे गरिबांच्या ऑपरेशनचा खर्च करणाऱ्या ट्रस्टचे अध्यक्ष. वयानं माझ्याहून लहान. मी स्टेजवर, प्लास्टिकच्या खुर्चीत. समोर जळगावातल्या एका शाळेचा हॉल, आठवी-नववीची मुलं. मागे पडद्यावर माझ्याच जबड्याचा एक्स-रे. उजव्या बाजूला हाड नाही. तिथे टायटॅनियमची वाकवलेली पट्टी, दोन्ही टोकांना स्क्रू.

मी तोंड उघडलं. ते दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. खालचा ओठ उजवीकडे बधिर आहे, लाळ सुटते ते कळत नाही. तेव्हाही सुटली. पहिल्या रांगेतली एक मुलगी "ईऽऽ" म्हणाली.

साहेबांनी तिला गप्प केलं नाही. म्हणाले, "घाण वाटली ना? वाटायलाच पाहिजे. गुटख्याची पुडी फोडताना हा चेहरा आठवा."

मी आयुष्यात गुटखा खाल्लेला नाही. तंबाखू नाही, सुपारी नाही. लग्नातला विडासुद्धा मी परत करतो.

मला झाली होती ती जबड्याच्या हाडातली गाठ. दात तयार करणाऱ्या पेशींतून वाढते. कॅन्सर नव्हे, पण हाड पोखरते. तंबाखूशी तिचा संबंध नाही. हे मला ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच समजावलं होतं. गाठीसोबत अर्धा जबडा गेला. चेहरा धरून ठेवायला पट्टी बसवली. "पण नुसत्या पट्टीवर राहता येणार नाही," डॉक्टर म्हणाले होते. "पुढेमागे ती तुटू शकते, कातडीतून बाहेर येऊ शकते. कमरेचं हाड काढून मधली जागा भरावी लागेल."

पहिल्या ऑपरेशनचा खर्च ट्रस्टनं केला होता. दुसऱ्याचाही करणार होता. म्हणून मी त्या खुर्चीत होतो. वाटलं होतं, आभाराचे दोन शब्द बोलायचे असतील.

मी पाइपच्या कारखान्यात तपासनीस आहे. पाइपची जाडी मोजायची, कमी भरली की माल बाजूला काढायचा. कोणी कितीही घाई करो, खोटं माप मी पुढे जाऊ दिलेलं नाही. आणि इथे माझ्याच तोंडाचं खोटं माप माइकवरून चाललं होतं.

ऑपरेशन करणारे तेच डॉक्टर समोर पाहुण्यांत बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिले.

साहेब सांगत होते, "यांच्या वस्तीत आम्ही जातो ना, लहान लेकरांच्या तोंडातही पुड्या. त्या लोकांचं तसंच असतं."

त्या लोकांचं.

शहराच्या कडेला, पिंप्राळ्याच्या पलीकडची आमची वस्ती. तेव्हा कळलं. गुटखा खातोस का, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. ट्रस्टच्या ऑफिसात नाही, सकाळी येताना गाडीत नाही. पत्ता ऐकला, कारण ठरलं. साहेबांच्या घरात कोणाचा जबडा गेला असता तर लोक हळहळले असते. माझा गेला तर माझीच घाण सवय. आणि साहेब माझ्याकडे वाकले तेव्हा त्यांच्याच तोंडाला किमामाचा, पानातल्या तंबाखूचा वास येत होता.

"एवढंच बोल," ते हळू आवाजात म्हणाले. "मी चुकलो, तुम्ही चुकू नका. संपलं."

दुसरं ऑपरेशन डोळ्यांपुढे होतं. मी माइक घेतला.

"मी गुटखा खाल्ला नाही." शब्द नीट फुटत नव्हते, ओठाच्या कडेनं हवा जात होती. पुन्हा म्हणालो, सावकाश. "कधीच नाही. तुम्हीही खाऊ नका, तो वाईटच. पण माझी गाठ त्यानं झालेली नाही. डॉक्टर इथे बसलेत. त्यांना विचारा."

डॉक्टर उठले नाहीत. साहेबांनी माइक ओढून घेतला, हसले. "लाजतोय हो. कबूल करायला धाडस लागतं." शिक्षक हसले. टाळ्याही पडल्या.

मी पायऱ्या उतरलो. माझी थोरली बहीण, धुळ्याची अक्का, दाराशी उभी होती. तिनं रुमाल पुढे केला. "चाल भाऊ. आते आठे आपलं काय शे?" खरंच, आता इथे आमचं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात ट्रस्टच्या माणसाचा फोन आला.

"साहेबांना फार लागलंय. येऊन माफी मागा, हाडाच्या ऑपरेशनची तारीख लगेच देतो."

"नाही मागितली तर?"

"बघा बुवा. पट्टी तुमच्या तोंडात आहे, आमच्या नाही."

बायको म्हणाली, "माफीनं काय अंगाला भोकं पडतात? आधी हाड बसू द्या." तिचं चूक नव्हतं. जेवताना पट्टीकडे कट्ट वाजलं की तिचाही घास हातात थांबतो. पण माफी मागितली की त्यांचं कारण खरं ठरतं. मी गेलो नाही.

धुळ्याला अक्काकडे राहून सरकारी रुग्णालयात नंबर लावला. टेबलामागे तरुण डॉक्टर. मान वर न करता त्यानं विचारलं, "गुटखा किती वर्षं?"

"एकही दिवस नाही."

"खरं सांगा काका. सगळे असंच म्हणतात."

"गाठ कशाची होती ते रिपोर्टात आहे. आधी वाचा. मग 'नाही' लिहा. आणि लिहिलेलं मला दाखवा."

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, आवरा ना!" अक्का वळली. "थांब ना भाऊ, कितली घाई करस!"

मी हललो नाही. त्यानं रिपोर्ट वाचला. लिहिलं. कागद फिरवून दाखवला.

हाड कधी बसेल, माहीत नाही. त्याआधी पट्टी तुटली तर तुटेल. पण यापुढे जो माझं तोंड उघडायला सांगेल, त्याला कारण मी सांगणार. त्यानं ते ऐकल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.