लिफ्टमधला मोठा नर

वनराज हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. माणूस असा, की फुंकर मारली तर खुर्चीसकट सरकेल. रस्त्यात कुत्रं दिसलं की हे पलीकडच्या फुटपाथवर. जंगल म्हणाल तर बागेतल्या झाडांपलीकडे मजल गेलेली नाही. तरी ऑफिसात सगळे त्यांना वनराज म्हणत आणि तेही निमूटपणे ओ देत.

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. मी फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. आमचं काम लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायचं. शहरातल्या बऱ्याच इमारतींच्या लिफ्ट आमची कंपनी सांभाळते. आतल्या माणसाने लाल बटण दाबलं की आमच्याकडे घंटा वाजते, पडद्यावर आतलं चित्र येतं आणि आमचा आवाज आत जातो. मग मेकॅनिकला पिटाळायचं आणि तो पोचेपर्यंत आतल्याला धीर द्यायचा. सोपं वाटतं ना? एकदा बसून बघा.

घंटा वाजत नसली की वनराजांचं ते सुरू व्हायचं. टीव्हीवर प्राण्यांच्या माहितीपटात मागून एक आवाज बोलत असतो बघा, दबका, गंभीर, जणू जरा मोठ्याने बोललं तर वाघ उठून जाईल. तोच आवाज. मी चहाच्या किटलीपाशी गेले की मागून यायचं, "उन्हं कलली आहेत. मादी पाणवठ्यावर आली आहे. ती सावध आहे. काल कुणीतरी तिची साखर पळवली होती." मग एक लांबलचक थांबा. "आज ती चमचा सोबत घेऊन आली आहे." सगळी खोली फिदीफिदी हसायची. मला राग यायचा. पण चमचा खरंच माझ्या हातात असायचा, त्याला काय करणार?

त्यातली गोम मला हळूहळू कळली. तो आवाज कधी हसत नाही. माणूस नाक खाजवतो, तर हा सांगणार की या हालचालीमागे लाखो वर्षांची धडपड आहे. कुणी डबा उघडला तर शिकार, कुणी रजेचा अर्ज दिला तर स्थलांतर. बोलायचं मात्र इतक्या मायेने आणि इतक्या अभ्यासाने, की ज्याची टर उडवली जाते त्यालाही वाटावं, अरे, माझ्याकडे कुणीतरी एवढं निरखून बघतंय. दुसरे लोक नक्कल करायचे तेव्हा नुसता आवाज जाड करायचे आणि मध्येच स्वतःच हसायचे. वनराज आधी बघायचे, मग बोलायचे.

हे त्यांना कुठून आलं, तर वडिलांच्या दुकानातून. वडील टीव्ही दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेला सेट तपासायला ते प्राण्यांचाच चॅनल लावून ठेवत, कारण हिरवा रंग आणि जनावराची कातडी यात खोट लगेच दिसते. आवाज मात्र बंद, गिऱ्हाइकांशी बोलता यावं म्हणून. हे शाळेतून आले की दुकानात बसायचे आणि पडद्यावरच्या मुक्या हरणांना आवाज पुरवायचे. हरणं संपली की गिऱ्हाइकांना. वडिलांनी एकदा कान पिळला, एकदा हसू दाबायला पाठ फिरवली, आणि मग नाद सोडला. एवढंच त्यांचं शिक्षण. बाकी घरी बायको, तिची आई आणि हे, तिघांत बोलणारी माणसं दोन. घरी यांचा आवाज फुटत नसे असं वहिनी स्वतः सांगायच्या.

वर्षाच्या कार्यक्रमात त्यांनी साहेबांवर एक तुकडा केला. "कळपाचा प्रमुख नर. तो येतो. तो काहीच करत नाही. पण तो येतो." लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. साहेबही हसले. दुसऱ्या दिवशी आमच्या समोरच्या काचेवर कागद चिकटला. लिफ्टमधल्या माणसाशी ठरलेली चारच वाक्यं बोलायची, सपाट आवाजात. जंगलाचा आवाज लाइनवर ऐकू आला तर त्याच दिवशी घरी. सगळी बोलणी रेकॉर्ड होत होती, म्हणजे पळवाट नाही. वनराजांनी कागद वाचला आणि म्हणाले, "बरं आहे. घसा तरी वाचेल." मला वाईट वाटलं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आता त्या दुपारचं सांगते.

सकाळीच एका जुन्या इमारतीतून तक्रार आली होती, की लिफ्टचं दार उघडं असलं तरी ती चालते. ही सगळ्यात वाईट तक्रार. दार उघडं असताना लिफ्टने जागचं हलायचं नाही, हा तिचा पहिला धर्म. मी तिथल्या रखवालदाराला बजावून सांगितलं, मेकॅनिक येईपर्यंत लिफ्ट बंद ठेव, कुणाला आत सोडू नकोस. हो म्हणाला. कसलं हो अन् कसलं काय.

दुपारी त्या भागातली वीज गेली आणि त्याच लिफ्टची घंटा वाजली. पत्ता मी दोनदा वाचला. लाइन वनराजांकडे होती. पडद्यावर बॅटरीच्या दिव्यात दोन माणसं दिसली. एक चांगला आडदांड, टाय लावलेला, हातात चामड्याची बॅग. दुसऱ्या एक आजीबाई, कापडी पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यात उभ्या. लिफ्ट खाली जाता जाता दोन मजल्यांच्या मध्येच थांबली होती.

वनराजांनी काचेवरचं पहिलं वाक्य म्हटलं. "कृपया शांत राहा, मदत निघाली आहे."

"किती वेळ?" तो माणूस म्हणाला.

याचं उत्तर चार वाक्यांत नव्हतं. वनराजांनी दुसरं वाक्य म्हटलं, मग तिसरं. तो माणूस भिंतीवर हात आपटायला लागला. त्याचा श्वास आम्हाला ऐकू येत होता, फुटका भाता ओढल्यासारखा. बंद जागेला घाबरणारी माणसं आम्ही रोज बघतो, पण हा हाताबाहेर चालला होता. त्याने दोन्ही पंजे दाराच्या फटीत घातले आणि दार सरकवलं. मग बाहेरचंही. वरच्या मजल्याची फरशी त्याच्या छातीपाशी आली होती, आणि फरशी आणि लिफ्टचं छत यांच्यामध्ये माणूस सरपटत जाईल एवढी फट. त्याने आधी बॅग बाहेर ढकलली.

नीट ऐका, म्हणजे आमचं काळीज का हललं ते कळेल. लिफ्ट खाली जात होती. वीज आली की खालीच जाणार. हिला उघड्या दाराचं भान नाही. त्या क्षणी जो अर्धा बाहेर असेल, त्याच्यावर छत उतरणार. आणि वीज कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी रखवालदाराला फोन लावला. लिफ्टच्या विजेचं खालचं मुख्य बटण त्याने पाडलं असतं, तर वीज आली तरी ती हलली नसती आणि प्रश्नच मिटला असता. रिंग जात होती, उचलत नव्हता. मेकॅनिकला लावला, तर तो बंद पडलेल्या सिग्नलवर गाड्यांत अडकलेला. पुन्हा रखवालदार. पुन्हा नुसती रिंग.

"साहेब, बाहेर पडू नका, लिफ्ट हलू शकते," वनराज म्हणाले. हे पाचवं वाक्य, त्यांचं स्वतःचं. पण कागद लागल्यापासून सपाट बोलायची सवय लागलेली, तेही तसंच सपाट निघालं.

तो माणूस आजीबाईंना म्हणाला, "टेप लावलीय यांनी. इथे आपलं ऐकायला कुणी नाही." आणि त्याने कोपरं वरच्या फरशीवर टेकली.

टेप. वनराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी कानाला फोन धरून मान हलवली, उचलत नाही म्हणून. त्यांनी एकदा काचेवरच्या कागदाकडे पाहिलं, माइक ओठांजवळ ओढला आणि डोळे पडद्याला लावले.

"या अरुंद गुहेत," तो आवाज म्हणाला, "आपल्याला एक पूर्ण वाढ झालेला नर दिसतो."

हा माणूस आता नोकरीही घालवणार आणि तिकडे एक जीवही, असं वाटलं. नंतर साहेबांनी हे रेकॉर्डिंग दार लावून ऐकलं, बाहेर आले आणि वनराजांना एक अक्षर बोलले नाहीत. पण ते तेव्हा कुठे माहीत होतं?

"तो बलवान आहे. तो घाईत आहे. मात्र त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली आहे." एक छोटा थांबा. "त्याला अजून याची कल्पना नाही."

माणूस थांबला. खाली वाकून त्याने डाव्या बुटाकडे पाहिलं. नाडी सुटलेली होती. त्याने हळूहळू मान वर केली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

"कोण आहे तिथे?"

"नराला चाहूल लागली आहे. शेजारी कळपातली ज्येष्ठ मादी उभी आहे. तिने असे अनेक नर पाहिले आहेत. ती आपली पिशवी सोडत नाही."

आजीबाईंनी पिशवी आणखी घट्ट धरली आणि मग एकदम हसल्या. "मादी म्हणतोय मेला मला."

"चेष्टा करतोस?" तो माणूस कॅमेऱ्याखाली येऊन ओरडला. म्हणजे फटीपासून दूर. मी मनात म्हटलं, ओरड बाबा, आणखी शिव्या दे. वनराजांचा आवाज तसाच संथ, पण टेबलावरचा हात त्यांनी मांडीखाली दाबला.

"नर छाती फुगवतो. तो आव्हान देतो. या जातीत आव्हान बराच वेळ चालतं."

"मी तुझी तक्रार करतो. बाहेर पडल्या पडल्या," तो म्हणाला, आणि बाहेर हा शब्द त्याच्याच तोंडून निघाल्यावर त्याला फट आठवली. तो वळला. पुन्हा कोपरं वर, या वेळी डोकं आणि एक खांदाही. पाय उचलायला त्याने गुडघा भिंतीला लावला.

मी फोन ठेवून दिला. त्याचा उपयोग नव्हता आणि मला हातांनी तोंड झाकायचं होतं.

वनराज मुळीच घाई न करता बोलले. "नर बाहेर जाऊ शकतो. वाट मोकळी आहे. पण अभ्यासकांनी एक गोष्ट पाहिली आहे." थांबा. इतका लांब थांबा मी जन्मात ऐकला नाही. "या जातीचे नर म्हाताऱ्या मादीला अंधारात एकटं टाकून जात नाहीत."

आजीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्याच्या कोटाचं टोक पकडलं. "ऐकलंस ना? अभ्यासक सांगतायत. ये खाली."

काही वेळ तो तसाच लोंबकळत राहिला. मग घसरत खाली आला. माझा जीव भांड्यात पडला. पण पडतो तोच तो म्हणाला, "बॅग राहिली," आणि बॅग ओढायला त्याने उजवा हात खांद्यापर्यंत फटीत घातला.

"नर परत—" वनराज बोलायला लागले. आजीबाईंनी पिशवी टाकून दोन्ही हातांनी त्याचा कोट खेचला. आणि आमच्या पडद्यावर सगळं पांढरं झालं.

वीज आली होती. चित्र गेलं होतं. कानात मोठा आवाज झाला, काहीतरी चिरडल्याचा, आणि नंतर नुसती लिफ्टची घरघर. मग तीही थांबली.

वनराज म्हणाले, "हॅलो." कुणी बोललं नाही. ते पुन्हा म्हणाले, "हॅलो." पडदा पांढराच. मी माझ्या उभ्या आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. त्या माणसाचा चेहरा मला एकदम लख्ख आठवायला लागला, आणि सुटलेली नाडी.

"आहे हो, आहे," आजीबाईंचा आवाज आला. "हात आहे. दोन्ही आहेत. बॅगेचा चुरा झाला." त्यांना धाप लागली होती. "खाली बसलाय. रडतोय बिचारा."

तेवढ्यात पडद्यावर चित्र परत आलं. लिफ्ट खालच्या मजल्याच्या जरा वर अडली होती. तो एवढा मोठा माणूस तोंड गुडघ्यांत घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. आजीबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत होत्या. मग त्यांनी मान वर करून थेट आमच्याकडे पाहिलं.

"आता याचं काही सांगू नका," त्या म्हणाल्या.

वनराजांनी हात पुढे करून पडदा बंद केला. कान मात्र लाइनवर. मेकॅनिक पोचायला बराच वेळ लागला. मला रडू फुटलं होतं आणि मी ते लपवलं नाही. मध्ये मी काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आजीबाई अधूनमधून विचारत होत्या, "आहात ना?" आणि दर वेळी वनराज म्हणत होते, "आहे." त्यांचा स्वतःचा आवाज इतका बारीक आहे हे मला त्या दिवशी कळलं.