भिंतीवरची दुनळी

निनादने दोन्ही बंदुका काउंटरवर ठेवल्या, एक जुनी आणि एक नवी, तेव्हा पडद्यामागे हलीमाने चहात आलं जरा जास्तच ठेचून टाकलं. आज तिच्या नवऱ्याची, यूनुसची, सही होणार होती.

टपाल नाक्याजवळच्या या जागेत पुढे दुकान, मागे घर. अडतीस वर्षांपूर्वी हलीमा इथे नवरी म्हणून आली आणि तेव्हापासून नवऱ्याच्या सदऱ्यांवरचे बंदुकीच्या तेलाचे डाग काढत होती. डाग होते तिथेच राहिले, साबण तेवढे बदलत गेले. यूनुसच्या आजोबांनी बंदुका बनवल्या, वडिलांनी विकल्या, यूनुसच्या वाट्याला दुरुस्ती आली. आता तीही निवडणुकांपुरतीच उरली होती. आचारसंहिता लागली की शेतकऱ्यांनी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि परत मिळाल्या की गंज काढायला यूनुसकडे आणायच्या. एरवी तो रिकाम्या काउंटरवर कोपर टेकून बसे. रानडुकरांसाठी लोकांनी विजेची कुंपणं घातली होती. कितीकांनी तर शेतच विकलं होतं. दोहाहून अझहर दर शुक्रवारी विचारी, "अब्बा, दुकान कधी बंद करताय?" परवान्यासाठी अलिबागला चकरा मारून यूनुसचे गुडघे गेले होते, आणि ते शेकून शेकून हलीमाचे हात.

अशात गेल्या वर्षी निनाद आला. पळस्प्याच्या पुढे त्याच्या बंदुकांच्या कंपनीची शेड होती. जुन्या धाटणीची, चाप ओढला की काडतुसावर आपटणारे घोडे बाहेर असलेली दोन नळ्यांची बंदूक, दुनळी, त्याला नव्याने काढायची होती. आजोबांनी केलेली, दुकानाच्या भिंतीवर टांगलेली दुनळी तो रीतसर कागद करून नमुन्याला घेऊन गेला. यूनुसला सल्लागार म्हणून पगार मिळणार, माहितीपत्रकावर आजोबांचा फोटो येणार. पहिली बंदूक तपासून 'अस्सल' म्हणून सही द्यायची, एवढंच काम.

यूनुसने नव्या दस्त्यावरून पालथा हात फिरवला. "सुरेख काम आहे रे. घोडा बाहेर असला की चढवलाय का उतरवलाय, लांबून दिसतं. बिघडली तर गावातल्या गावात दुरुस्त होते. माशाल्ला."

"तेच म्हणतो मी चाचा!" निनादने पेन पुढे केलं.

पेन न घेता यूनुसने खालून वाळूची बादली आणि लाकडी मोगरी काढली. ही दुकानाची रीत होती. काडतुसात दारू नाही, छरे नाहीत, नुसती ठिणगी पाडणारी टोपी. नळी वाळूकडे, घोडा उतरवलेला, चापाला हात लावायचा नाही. मग नव्या बंदुकीच्या घोड्याच्या पाठीवर मोगरीचा एक टोला.

टप्.

वाजायला नको होती ती टोपी वाजली. चहा घेऊन पडद्याबाहेर आलेल्या हलीमाच्या हातून तो बशीत सांडला.

"चाचा, असं कोण मारतं बंदुकीला?"

"कोणी मारत नाही. ती पडते."

पुढचं हलीमाला सांगायची गरज नव्हती. शिरढोणकडच्या शकूचा नवरा बांधावरून घसरला होता. आजोबांनी केलेली बंदूक दगडावर आपटली आणि त्याची पोटरी गेली. शकू याच काउंटरसमोर उभी राहून म्हणाली होती, "चांगली हाय भाऊ तुमची बंदूक. डुकराला कधी लागली नाय, घरच्या माणसाला बरोब्बर लागली." त्यानंतर यूनुसने आजोबांच्या बंदुका गिऱ्हाइकांकडून एकेक मागवल्या आणि चाप ओढल्याशिवाय घोडा टोपीला भिडू नये म्हणून प्रत्येकीत पोलादी अडसर बसवला. फुकट. अकरा वर्षं लागली. एकच राहिली, भिंतीवरची. ती कुठे जाणार होती? आणि आजोबांच्या कामावर कानस चालवायला त्याचा हात धजेना.

निनादने नेमकी तीच नेली. आजोबांच्या हातात खोट होती, हे परक्याला सांगायला यूनुसची जीभ रेटली नाही. हलीमानेही आठवण करून दिली नव्हती. तेव्हा तिला यूनुसचे गुडघे आठवले होते.

"यात अडसर घाल," यूनुस म्हणाला. "मी दाखवतो."

"मग ती अस्सल कशी राहील? लोकांना अगदी तशीच हवी आहे. आणि शेतात कोण नेतंय? फार्महाउसच्या भिंतीवर टांगतील."

"माझीही भिंतीवरच होती. टांगायचीच असेल तर नळी भरीव कर."

निनाद हलीमाकडे वळला. "चाची, तुम्ही तरी सांगा यांना."

हलीमा सांगणारच होती. वर्षभर तिने तेच घोकलं होतं. एक सही केली की यांनी खुर्चीत बसावं, आपण दुपारी जरा पाठ टेकावी. बशीतला चहा तिने कपात ओतला.

"अहो, शकूचा नवरा आता काठीशिवाय चालतो?"

"नाही."

"मग कसली सही करताय?"

निनादने पेन खिशाला लावलं. "दुसरं कोणीतरी देईल, चाची."

"देईल की," हलीमा म्हणाली. "आमच्या सासऱ्यांच्या अब्बांचा फोटो तेवढा काढ त्या माहितीपत्रकातून. आणि चहा घे, निवतोय."

तो चहा न घेताच नवी बंदूक गुंडाळून घेऊन गेला. यूनुसने जुनी दुनळी शिकंज्यात धरली आणि खणातून कानस काढली. हलीमा दोन्ही कप उचलून आत निघाली होती, ती थांबली.

"आज शुक्रवार. अझहरचा फोन येईल."

"येऊ दे. एवढी एक झाली की बंद करतो म्हणावं."

"ते तुम्हीच सांगा. आणि आधी तो सदरा काढा. कालच धुतलाय."